बेभरवशाच्या उन्हाळ्यात स्कॉटलंडचा वायव्य किनारा : शिडाच्या बोटीने ओबान ते केप राथ

उत्तरवारा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओबानहून शिडाची बोट भाड्याने घेऊन उत्तरेला कुठवर, अगदी केप राथ या वायव्य टोकापर्यंत, जाता येईल, जुलैत गेलं तर चालेल का, असं इथल्या काही जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं. उत्तर लांबत गेलं म्हणून धागाच काढतोय. मी अ‍ॅबर्डीनला असतो. उन्हाळ्यात सवड मिळाली की मित्राच्या चौतीस फुटी बोटीवर याच किनाऱ्याला जातो. या किनाऱ्यावर माझा जीव आहे, तेव्हा लिहिताना हात आखडता घेणार नाही.

आधी हवेबद्दल, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून. 'उन्हाळा म्हणजे स्थिर हवा' हे गणित इथे चालत नाही. पश्चिम स्कॉटलंडात मे आणि जून हे त्यातल्या त्यात कोरडे महिने. जुलैपासून पाऊस पुन्हा वाढतो. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरचा जास्त दाबाचा प्रदेश उत्तरेकडे पसरला तर आठवडाभर ऊन आणि हलका वारा मिळतो. तो दक्षिणेलाच राहिला तर आइसलंड आणि स्कॉटलंडच्या मधून कमी दाबाची क्षेत्रं एकामागून एक सरकत राहतात. दोन क्षेत्रांच्या मध्ये एखादा दिवस, कधी अर्धाच, बरा जातो. अशा उन्हाळ्यात बोट चालवायची म्हणजे या मधल्या फटी हेरायच्या आणि एका आसऱ्यातून निघून दुसऱ्या आसऱ्याला पोचायचं.

क्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. कमी दाब जवळ आला की वारा आग्नेय-दक्षिणेला येतो, बॅरोमीटर उतरतो, ढग खाली येतात आणि संततधार लागते. उबदार फ्रंट (उबदार हवेची पुढची कड) गेला की नैर्ऋत्येचा दमट वारा सुटतो, लांबचं दिसेनासं होतं. मग शीत फ्रंट येतो. थोड्या वेळात वारा पश्चिमेला, तिथून वायव्येला फिरतो, आकाश मोकळं होतं आणि सरींबरोबर जोराचे झोत येऊ लागतात. ऊन पडलं म्हणून हायसं वाटतं, आणि नेमका इथेच घात होतो. संध्याकाळी नैर्ऋत्येच्या वाऱ्यात जी खाडी निवांत होती, तीच पहाटे तीनला वायव्येकडून उघडी पडते. पुढून लाटा आणि मागे खडक. म्हणून नांगराची जागा आत्ताच्या वाऱ्यासाठी निवडायची नाही, फ्रंट गेल्यानंतरच्या वाऱ्यासाठी निवडायची.

अंदाज कुठून घ्यायचा? मोबाइलला डोंगराआड रेंज नसते, त्यामुळे व्हीएचएफ रेडिओ हाच आधार. कोस्टगार्ड दर तीन तासांनी किनाऱ्याजवळच्या पाण्याचा अंदाज वाचून दाखवतं. आधी चॅनल १६ वर घोषणा होते, मग कोणत्या चॅनलवर ऐकायचं ते सांगतात. तुम्हाला लागणारे पट्टे तीन: मल ऑफ किनटायर ते आर्डनामर्खन, आर्डनामर्खन ते केप राथ, आणि केप राथ ते रॅट्रे हेड, ज्यात ऑर्कनी बेटं येतात. वादळाच्या इशाऱ्यात 'इमिनंट' म्हटलं तर सहा तासांच्या आत, 'सून' म्हटलं तर सहा ते बारा, 'लेटर' म्हटलं तर बारा तासांच्या पुढे. 'लेटर' ऐकून बंदर सोडणारे लोक मी पाहिले आहेत. जवळचा आसरा दोन तासांवर असेल तर ते ठीकही असतं. केप राथच्या वाटेवर तसा आसरा नाही.

आता वाट. ओबानहून साउंड ऑफ मल या सामुद्रधुनीतून टोबरमोरी, हा टप्पा बराचसा आडोशाचा. तिथून आर्डनामर्खनचं टोक. दीपगृह १८४९ चं, अ‍ॅलन स्टीव्हन्सनने बांधलेलं, मल बेटाच्या ग्रॅनाइटचं. इथे अटलांटिकची लांब लाट पहिल्यांदा बोटीखाली येते. हे टोक ओलांडलेल्या बोटींनी नाळेवर हेदर या रानझुडपाची डहाळी बांधायची इथली जुनी रीत आहे. पुढे मॅलेग, मग स्काय बेट आणि मुख्य भूमी यांमधली काइल रे ही अरुंद गल्ली. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या, दिवसांत तिथे प्रवाह सात-आठ नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जातो, बहुतेक शिडाच्या बोटींच्या इंजिनाच्या वेगाहून जास्त. उलट्या प्रवाहात शिरलात तर इंजिन पुरं जोरात असूनही काठावरची झाडं जागची हलत नाहीत. वेळ साधली तर काही मिनिटांत पलीकडे.

स्काय ओलांडल्यावर रोना बेटावरची अकरसिड मोर, बडाक्रो, लॉख यू (लॉख म्हणजे जमिनीत शिरलेली खाडी), समर आइल्स, लॉखइन्व्हर. एकाहून एक सुंदर जागा, आणि यांपैकी प्रत्येक ठिकाणी वारा फिरला तर सरकायला जवळ दुसरी जागा असते. या पट्ट्याबद्दल खरं तर वेगळा धागा हवा. शेवटचं बंदर किनलॉखबर्व्ही, मासेमारीचं. तिथून केप राथ सुमारे पंधरा सागरी मैल.

---

सर्जेकोटचा

धागा आवडला. आमच्याकडे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय जुने लोक होडी पाण्यात घालत नाहीत. म्हणजे कधी जायचं नाही हे पंचांगानेच ठरवून दिलेलं. शिवाय आमचा आखाडातला वारा एकाच बाजूचा, नैर्ऋत्य-पश्चिमेचा. तुम्ही म्हणता तसा एका रात्रीत चार दिशा फिरणारा वारा म्हणजे नांगर किती वेळा उचलावा लागत असेल? आणि तिथे तळ कसला, चिखल की खडप?

दुसरं, उधाण आणि भांगात (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीत) पाण्याचा फरक किती पडतो? आमच्याकडे भांगाच्या दिवसांत ओढ एकदम मंदावते.

---

उत्तरवारा

सर्जेकोटचा, तळ मिश्र आहे. लॉखच्या आतल्या टोकाला, जिथे ओढे येऊन मिळतात, तिथे बहुधा चिखल, आणि त्यात नांगर छान रुततो. बाहेरच्या बाजूला वाळू आणि खडक, वर केल्पचं दाट रान. केल्प हा पट्टीसारखा लांबलचक समुद्री शेवाळ. नांगर त्यात अडकला की धरल्यासारखा वाटतो आणि झोत आला की गवताच्या पेंढीसकट सुटून येतो. म्हणून नांगर टाकल्यावर इंजिन मागे चालवून ताण देऊन बघायचं, आणि काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून पंधरा-वीस मिनिटं तरी पाहत राहायचं. साखळी खोलीच्या चौपट, हवा बिघडणार असेल तर त्याहून जास्त. खोली मोजताना भरतीची मोजायची: उलापूलला उधाणात फरक साडेचार मीटरच्या आसपास असतो.

आणखी एक. डोंगराच्या पोटाशी आडोसा मिळतो असं नाही. स्कायमधलं लॉख स्कावेग बघा, कुलिन पर्वताच्या अगदी कुशीत. बाहेर फोर्स ५ (बोफर्ट मापावर बऱ्यापैकी जोराचा) वारा असताना वरच्या कड्यांवरून तुटून येणारे झोत आत त्याच्या कितीतरी जोराने आदळतात, तेही कुठल्याही दिशेने. सपाट, बुटक्या बेटांमागचा आसरा कित्येकदा जास्त भरवशाचा.

उधाण-भांगाचं तुमचं म्हणणं इथेही खरं. मुख्य भूमी आणि ऑर्कनी यांच्या मधल्या पेंटलंड फर्थसारखी जागा भांगातच ओलांडावी.

---

हवामानवेडा

भर घालतो. फरक कमी म्हणजे ओढ कमी, असं मात्र समजू नका. आयला बेटावरच्या पोर्ट एलनला उधाणातही पाणी जेमतेम अर्धा-पाऊण मीटर वरखाली होतं, आणि तरीही आसपासच्या सामुद्रधुन्यांत प्रवाह भयंकर. प्रवाह ठरतो तो बेटाच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या पातळीत एका वेळी किती फरक आहे यावर. जुरा बेटाच्या दोन बाजूंना भरतीची वेळ जुळत नाही, म्हणून जुरा आणि स्कार्बा यांच्या मधल्या कॉरीव्रेकनमधून पाणी साडेआठ नॉटपर्यंतच्या वेगाने धावतं. तळाशी एक सुळका आहे, पृष्ठभागाखाली साधारण २९ मीटरपर्यंत वर आलेला. पाणी त्यावर आपटून वर फेकलं जातं आणि भोवरे तयार होतात. भरतीचा प्रवाह तिथे पश्चिमेला, म्हणजे खुल्या समुद्राकडे वाहतो. समोरून अटलांटिकची लाट आली की दोन्हींची टक्कर, आणि तो आवाज कित्येक मैलांवर ऐकू जातो. क्रिनानहून उत्तरेला निघालेल्या बोटींनी डोरस मोर ही फट ओलांडल्यावर पूर्वेच्या अंगाने राहायचं ते याचसाठी, नाहीतर प्रवाह त्या तोंडाकडे ओढतो.

बॅरोमीटरबद्दल: ब्रिटिश सागरी अंदाजात दाब उतरण्याला नेमके शब्द आहेत. तीन तासांत ३.६ ते ६ हेक्टोपास्कल उतरला तर 'क्विकली', ६ च्या वर गेला तर 'व्हेरी रॅपिडली'. बोटीवर बॅरोमीटर असेल तर दर तासाला आकडा वहीत लिहा. फोनवरचं मॉडेल फ्रंटची वेळ तीन-चार तासांनी चुकवू शकतं. तुमच्या डोक्यावरचा दाब चुकत नाही.

इतिहासातली एक गोष्ट सांगायचा मोह होतो. ऑक्टोबर १८५९ मध्ये 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या अँगलसी बेटाजवळ वादळात फुटलं, साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर अ‍ॅडमिरल फिट्झरॉय यांनी तारायंत्राने बंदरांना वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली, १८६१ मध्ये. आज आपण रेडिओवर जे ऐकतो त्याचा उगम तिथे आहे. २००२ मध्ये फिनिस्टेअर या सागरी पट्ट्याचं नाव बदलून फिट्झरॉय ठेवलं गेलं. माणसांचे जीव वाचवणाऱ्या हवामानशास्त्रज्ञाचा याहून मोठा गौरव मला माहीत नाही.

---

गौरी_ग्लासगो

आम्ही मुलांना घेऊन ओबान-टोबरमोरी-लॉख सुनार्ट एवढंच फिरतो आणि त्यात पूर्ण समाधानी असतो. घरच्यांबरोबर जाणाऱ्यांसाठी लिहिते.

पाणी थंड असतं, ऐन उन्हाळ्यातसुद्धा बारा ते चौदा अंश. पडलेला माणूस पहिल्या मिनिटात धापा टाकायला लागतो, हातपाय मारणं नंतरची गोष्ट. लाइफजॅकेट केबिनमधून बाहेर पाऊल टाकतानाच अंगावर हवं. लहानांना हार्नेस लावून बोटीला अडकवा. पावसाळी कपडे चांगल्या प्रतीचे घ्या, इथला पाऊस आडवा येतो. मिजेस म्हणजे बारीक चावऱ्या माश्या वारा पडला की झुंडीने येतात. म्हणून झाडीत, अगदी काठाला खेटून नांगर टाकण्यापेक्षा थोडं मोकळ्यावर बरं.

जेवणाचं: हलत्या बोटीत फोडण्या करायच्या नाहीत. मी घरून भाजणी, मेतकूट, सुक्या खोबऱ्याची चटणी नेते. निघण्याआधी मऊ भात करून थर्मासमध्ये भरते. लाट लागलेल्या माणसाला मेतकूट-भात आणि आल्याचा तुकडा, याने खरंच आराम पडतो. गोळी घ्यायची असेल तर निघायच्या आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

आणि दोन पावसाळी दिवस टोबरमोरीत अडकलात तर रुसू नका. मुलं त्या रंगीत घरांच्या धक्क्यावर खेकडे पकडत बसतात, त्यांना तोच प्रवास वाटतो.

---

डेकवरचा

मर्चंट नेव्हीत आहे, पेंटलंड फर्थ जहाजाच्या ब्रिजवरून पाहिलं आहे. शिडाच्या बोटीवाल्यांनी तिथे काय समोर येईल ते नीट समजून घ्यावं. अटलांटिक आणि उत्तर समुद्र यांच्यातलं पाणी दिवसातून दोनदा पूर्वेला आणि दोनदा पश्चिमेला या फटीतून जातं. पेंटलंड स्केरीजजवळ उधाणात बारा नॉटचा प्रवाह नोंदलेला आहे. पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवाहात सेंट जॉन्स पॉइंटपासून हॉय बेटाच्या टॉर नेसपर्यंत फुटणाऱ्या लाटांची भिंतच उभी राहते, तिला 'मेरी मेन ऑफ मे' म्हणतात. पश्चिमेची लाट आली की ती सगळ्यात वाईट. स्ट्रोमा बेटाच्या उत्तर टोकाला स्विल्की हा भोवरा, पूर्वेला डंकन्सबी हेडची रेस (प्रवाहाने उसळणारं पाणी). ही नावं नकाशावर आधी शोधून ठेवा.

१७ मार्च १९६९ ला 'आयरीन' या जहाजाच्या मदतीला लॉन्गहोपची लाइफबोट निघाली आणि याच पाण्यात उलटली. आठही जण गेले, त्यांत दोन घरांतले बाप आणि त्यांचे मुलगे होते. आरएनएलआय या लाइफबोट चालवणाऱ्या संस्थेचे खलाशी तेव्हाही स्वयंसेवक होते, आजही बहुतेक स्वयंसेवकच आहेत. लॉखइन्व्हर, थर्सो, स्ट्रोमनेस, लॉन्गहोप, सगळीकडे त्यांच्या लाइफबोटी आहेत. आपण मजेसाठी समुद्रावर जातो आणि आपल्यासाठी कुणीतरी जेवणाच्या ताटावरून उठून निघतं, याची जाण ठेवून निघायचा निर्णय घ्यावा अशी हात जोडून विनंती.

मोठ्या जहाजांच्या वाटेतून दूर राहा. स्कापा फ्लोमधल्या फ्लोटा टर्मिनलला टँकर येतात. आम्हाला त्या प्रवाहात चटकन वळता येत नाही आणि शिडाची बोट रडारवर लाटांत हरवते. एआयएस (आपली जागा इतर जहाजांना कळवणारं यंत्र) लावून ठेवा.

---

नवखा_नावाडी

मीच तो व्यनि करणारा. आम्ही चौघं, सगळे पुणेकर. दोघांकडे डे स्किपरचं (दिवसा, ओळखीच्या पाण्यात बोट चालवण्याचं) प्रमाणपत्र, मांडव्यापासून मुरुड-जंजिऱ्यापर्यंतचा अनुभव. जुलैच्या मध्यात दोन आठवडे. बेत असा होता: ओबान, केप राथ, स्ट्रोमनेस, मग खाली इनव्हर्नेस आणि कॅलेडोनियन कालव्यातून परत. ब्रिटनभोवती फिरलेल्या एका ओळखीच्यांनी सांगितलं की खुशाल जा, केप राथ फुगवून सांगतात. डेकवरचा यांचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला. खरं काय मानायचं?

---

उत्तरवारा

दोन्ही. शांत दिवशी केप राथ खरोखर सोपं आहे. रॉबर्ट स्टीव्हन्सनचं १८२८ चं दीपगृह, खाली गुलाबी-करडे कडे, डोक्यावर हजारो पक्षी, आणि जूनच्या शेवटी रात्री साडेदहापर्यंत सूर्य. अशा दिवशी तिथून गेलेला माणूस 'फुगवून सांगतात' म्हणणारच. तुमच्या बेतात अडचण टोकाची नाही, तारखांची आहे.

समजा १५ तारखेला तुम्ही किनलॉखबर्व्हीला आहात आणि फ्रंट नुकताच गेला. वारा पश्चिमेचा फोर्स ४, अंदाज छान. पण आधीच्या तीन दिवसांच्या वाऱ्याने उठवलेली स्वेल, म्हणजे मागे उरलेली लांब लाट, अजून दोन-तीन मीटर आहे. वारा काही तासांत पडतो, स्वेलला दीड-दोन दिवस लागतात. टोकाजवळ प्रवाह उधाणात तीन नॉटपर्यंत जातो, ती लाट प्रवाहावर चढते, कड्यावर आपटून परत येते आणि पाणी सगळ्या बाजूंनी उभं राहतं. ईशान्येला डुस्लिक नावाचा खडक आहे, तो चुकवायचा. हवेची थोडीही शंका असेल तर तीन ते पाच मैल बाहेरून जायचं. टोक ओलांडलं की पूर्वेला लॉख एरिबोल हा एकच चांगला आसरा. तो चुकला तर थेट स्क्रॅबस्टर, केप राथपासून पंचेचाळीसेक मैल. म्हणजे निघताना पुढच्या चोवीस तासांची हवा पक्की हवी. बेभरवशाच्या उन्हाळ्यात असा दिवस आठवड्यात एखादा मिळतो, कधी मिळतच नाही. त्या वेळी ज्याचं विमानाचं तिकीट ठरलंय तो दुसऱ्या प्रतीच्या दिवशी निघतो. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

केप राथला लष्कराचा गोळीबाराचा सराव-पट्टा आहे, हेही लक्षात घ्या. गार्वी बेटावर विमानं बॉम्ब टाकतात. सराव चालू असेल तर समुद्राचाही भाग बंद असतो, कोस्टगार्डकडे आदल्या दिवशीच चौकशी करावी.

---

डेकवरचा

उत्तरवारांशी सहमत, पण थोडा विरोधही नोंदवतो. हेच चौघं जूनमध्ये महिनाभर आले तर मी त्यांना जा म्हणेन. अनुभव असाच येतो. बंदरात बसून कुणी दर्यावर्दी झालेलं नाही.

---

सर्जेकोटचा

डेकवरचा, अनुभव आपल्या पाण्याचा वेगळा, परक्या पाण्याचा वेगळा. आमच्यात नवीन तांडेल (होडीचा म्होरक्या) झालेल्या पोराला पहिलं वर्ष जुन्या तांडेलाशेजारी बसवतात, तेही स्वतःच्या गावच्या समुद्रात. या चौघांनी पहिल्या खेपेला तिथला कोणी माहितगार सोबत घ्यावा.

---

नवखा_नावाडी

सगळ्यांचे आभार, मनापासून. आज चौघं बसलो. ठरलं असं: स्थानिक स्किपर पहिले काही दिवस सोबत घ्यायचा. केप राथ यंदा नाही. टोबरमोरी, कॅना, रोना, जमलं तर समर आइल्स, आणि हवा जिथे थांबवेल तिथून मागे. तारखाही पुढच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला ढकलतोय. बोट परत ओबानला आणायलाच हवी का, की मध्ये कुठे सोडता येते? आणि परवाना लागतो का?

---

उत्तरवारा

हे वाचून फार बरं वाटलं. ब्रिटनमध्ये खाजगी हौशी बोट चालवायला कायद्याने परवाना लागत नाही, पण भाड्याने देणारे प्रमाणपत्र आणि अनुभवाची नोंदवही मागतात. मांडव्याच्या फेऱ्या तारीख, अंतर आणि वाऱ्यासकट लिहून आणा.

बोट मध्ये सोडायची सोय काही जण जास्तीचे पैसे घेऊन देतात, पण ते करारात आधीच लिहून घ्या. माणसं उतरवणं मात्र सोपं आहे आणि बेत त्यावरच आखा. ओबान, मॅलेग आणि काइल ऑफ लोखाल्श इथे रेल्वे आहे, उलापूलहून इनव्हर्नेसला बस आहे. एखाद्याला सुट्टी संपली म्हणून परतायचं असेल तर त्याने यांपैकी कुठूनही एकट्याने गाडी पकडावी, बोट घाईने हाकू नये. आणि ऐनवेळी दक्षिणेकडून हवा बिघडत असेल तर काइल रे ओलांडून खाली येण्याचा हट्ट नको. प्लॉकटनला बोट बांधून थांबा, तिथूनही काइल ऑफ लोखाल्शला रेल्वेने जाता येतं.